कूलरखालची सवत

धुरपताबाईनं आपली सवत पहिल्यांदा पाहिली ती ट्रकमधून उतरताना.

चैत्र संपत आला होता. मानवतच्या बाजारपेठेमागं आमची गल्ली आहे. तिच्या तोंडाशी ट्रक थांबला आणि अर्धी गल्ली बाहेर आली. मागचं फळकूट पडलं. आधी आत नुसतंच काळं काहीतरी हललं. मग एक दांडगं डोकं बाहेर आलं. कपाळावरून नाकापर्यंत लोंबणारे कुरळे केस, जाडजूड वळणदार मान, आणि पायांना घोट्यापासून खुरापर्यंत केसांच्या झालरी. शेपूट जमिनीला टेकलेलं. उतरल्यावर तिनं चारही पाय मातीत रोवले आणि गल्लीकडं असं पाहिलं, जसं काही आम्हीच ट्रकमधून उतरलो होतो.

"मायला," कुणीतरी म्हणालं, "घोडी हाय का म्हैस?"

सगळे हसले. आश्रुबा हसला नाही. आश्रुबा हा धुरपताबाईचा नवरा, आमच्या भागातला जुना बग्गीवाला. त्यानं दोन्ही हातांनी त्या जनावराचं तोंड धरलं, डोळ्यावर आलेली बट अलगद बाजूला केली आणि कधी कुणी ऐकला नसेल अशा आवाजात म्हणाला, "ये गं राणी."

धुरपताबाई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"ऐकलं का ताई?" ती म्हणाली. "राणी म्हनला."

"नाव असेल तिचं."

"आसंल की. मला बी हाय नाव."

आमच्याकडं नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची रीत नाही. नवीन पोरं घेतात, पण आश्रुबाच्या वयाचा माणूस चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची म्हणजे लाजून मरेल. तो तिला "अगं ए" म्हणायचा, घाईत असला तर नुसतंच "ऐकायलीस का". पाहुण्यांसमोर तर "घरात". घरात विचारतो, घरात सांगतो. लग्नात उखाण्यात नाव घ्यायची वेळ आली तेव्हासुद्धा म्हणे गडी खोकला आल्याचं सोंग करून उठून गेला होता. धुरपताबाईला याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून वाटायला लागलं.

घोडी होती ओमप्रकाश शेठची. शेठचं कापडाचं जुनं दुकान. आता मोठ्या रस्त्यावर साड्यांचं दोन मजली शोरूम काढायचं चाललं होतं. जाहिरातीला भोंग्याची रिक्षा सगळेच फिरवतात, शेठला वेगळं काही पाहिजे होतं. कुठल्याशा शहरात त्यांनी काळ्या घोड्याची काळी बग्गी पाहिली आणि ते वेडावले. फ्रिजियन जात, मूळ हॉलंडकडची; ही घोडी पुण्याकडच्या एका फार्मवरून आणली. पण शेठच्या घरी तबेला नाही, आणि अशा घोडीचा लगाम धरील असा माणूस आश्रुबाशिवाय जवळपास नाही. म्हणून घोडी राहायला आली आश्रुबाच्या अंगणात.

त्या अंगणात आधीच एक घोडी होती. पांढरी, चांदणी. तिची आई ती शिंगरू असतानाच गेली, तेव्हा धुरपताबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पोटी एकच मुलगी, ती लग्न होऊन नांदेडला गेली, आणि मग तर चांदणी म्हणजेच सगळं. तिची झूल धुरपताबाईनं शिवलेली, गोंडे तिनंच केलेले. वरात निघायच्या आधी नवरदेवाची बहीण घोडीला भिजवलेली डाळ भरवते, ती डाळसुद्धा ही घरून नेऊन द्यायची. लोकांची डाळ नीट भिजलेली नसते म्हणायची. मानवतातल्या निम्म्या नवऱ्यांना चांदणीनं मांडवात पोचवलंय. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो दरसाल तिच्याच बग्गीत असतो.

पहिल्याच संध्याकाळी आश्रुबानं जेवता जेवता सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी धुरपताबाईनं ते मला जसंच्या तसं ऐकवलं, त्याच्या आवाजात.

"एका दारात दोन घोड्या झेपत न्हाईत. दसऱ्याला शेठच्या दुकानाचं उद्घाटन हाय. राणी नीट चालली तर शेठ तिला कायमची आपल्याकडं ठेवायलेत. मंग चांदनीला माळेगावच्या जत्रंत नेऊन इकू. म्हातारी व्हायच्या आत गेलेली बरी."

"आणि नीट नाही चालली तर?"

"तर ही बया आली तशी ट्रकात बसून जाईल." धुरपताबाईनं निवडायच्या तुरीच्या डाळीतला खडा उचलून लांब फेकला. "मी काय देवाला नवस बोलनार न्हाई ताई. पर बोलले न्हाई तरी देवाला कळतंय की."

माझी गच्ची आणि त्यांचं अंगण यांच्यात एक भिंत आणि एक लिंबाचं झाड, एवढंच अंतर. त्यामुळं पुढचं सगळं मला वाळवणं घालता घालता दिसलं.

वैशाखात कूलर आला. थंड मुलखातली जात, तिला आमचा उन्हाळा सोसेना; दुपारी तोंडातून फेस यायचा. शेठनं मोठा पत्र्याचा कूलर पाठवला. तो पत्र्याच्या शेडमध्ये राणीच्या तोंडासमोर लागला. घरात मात्र खडखडणारा जुना पंखा. दुपारी लाईट कमी झाली की आश्रुबा पंखा बंद करायचा, कारण दोन्ही एकदम चालत नव्हते.

"तिला कूलर, मला पदर," धुरपताबाई भिंतीपलीकडून मला सांगायची, पदरानं वारा घेत. "बरी हाय बया. फ्रीजची जात म्हन."

"फ्रिजियन, धुरपताबाई."

"त्येच की. म्हनून तर गारव्याला ठिवलीय."

कूलर तिनं पचवला. वेण्या पचल्या नाहीत. आश्रुबा रोज संध्याकाळी राणीला अंघोळ घालायचा, खरारा करायचा. मग स्टुलावर चढून तिच्या आयाळीच्या बारीक बारीक वेण्या घालायचा, म्हणजे सकाळी सोडल्या की केसांना लाटा येतात. पायांच्या झालरी ओल्या राहिल्या तर कातडी खराब होते, म्हणून मुलीनं माहेरी ठेवलेला केस वाळवायचा ड्रायर लावून तिच्या पायाशी बसायचा. एका गुडघ्यावर. आणि मधूनमधून तेच, "हां राणी. बस राणी. झालंच बघ राणी."

धुरपताबाई चुलीपाशी बसून ते बघायची. तिचे केस अजूनही गुडघ्यापर्यंत येतात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ती न्हाऊन अंगणात केस वाळवत उभी राहिली तर शेजारच्या सुना नजर लागेल म्हणून मीठ ओवाळायला सांगतात.

"माझी येनी ह्या मानसानं एकदा बी धरली न्हाई," ती एकदा म्हणाली. "भांडनात बी न्हाई."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा मला कळलं, हे प्रकरण थट्टेवारी नेण्यातलं राहिलेलं नाही.

बाकी गावानंही तिच्या जखमेवर मीठच चोळलं. काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकली की शनी लागत नाही, असं लोक मानतात. झालं, दर शनिवारी दाराशी माणसं. राणीची जुनी नाल असेल तर द्या, नाल नाही तर एखादा खिळा तरी द्या. एक माणूस पेडगावहून मोटारसायकलवर आला आणि अंगणात चांदणीच्या पाठीला टेकून उभा राहून विचारता झाला, "घोडी कुठंय?"

"तुमी टेकलाव ती काय कुदळ हाय का?" धुरपताबाईनं त्याला विचारलं.

जाहिरातही सुरू झाली. काळी बग्गी, काळी घोडी, तुरा लावलेला आश्रुबा, मागं साड्या नेसवलेले दोन पुतळे. आठवडी बाजार असेल तिथं आणि पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गर्दी असेल तेव्हा. राणी पाय असा उचलायची की लोक मोबाईल काढून मागं धावायचे. धुरपताबाईला एका गोष्टीचा मात्र आधार होता. लग्नाला काळं चालत नाही. वरातीला कुणी काळी घोडी नेत नाही. वराती चांदणीच्या, त्या तिच्याकडून कुणी घेऊ शकत नाही.

आणि श्रावणात सुकेशनी आली. सुकेशनी आमच्याच गल्लीतल्या सुलाबाईंची मुलगी, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. धुरपताबाईनं लहानपणी तिला चांदणीवर बसवून गल्लीभर फिरवलेलं.

"मावशी, माझ्या लग्नाला तुमची बग्गी पाहिजे," सुकेशनी म्हणाली.

"मंग! चांदनीला निळी झूल शिवते नवी."

सुकेशनी जरा घुटमळली. "मावशी, मला काळी पाहिजे. राणीची."

"आगं, लग्नात काळं?"

"आमच्यात नाही मानत काळं-गोरं, शुभ-अशुभ. आणि किती देखणी आहे ती."

पोरगी काही वाईट बोलली नव्हती. धुरपताबाई तिला चहा पाजून, डोक्यावरून हात फिरवून दारापर्यंत पोचवून आली. मग शेडमध्ये गेली आणि राणीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी गच्चीवर होते.

"झालं का समाधान?" ती घोडीला म्हणाली. "नवरा घेतलास, कूलर घेतलास, आता लेकरं बी घे. घे की. सवत ती सवतच."

राणीनं कान पुढं केले.

तेव्हापासून बोलणं सुरू झालं ते थांबलंच नाही. आश्रुबा दिवसभर शेठकडं नाहीतर बाजारात. घरात ह्या दोघी, नाही, तिघी. भांडी घासता घासता, गोवऱ्या रचता रचता धुरपताबाईचा पट्टा चालू. "काय बघायलीस टकामका? तुझ्या बापाचं देनं हाय का?" दुपारी उरलेली भाकरी चांदणीला द्यायला गेली की ती लांब काळी मान मधे यायची. "सर बाजूला, हावरट! ... घे, मर खाऊन," म्हणून अर्धी भाकरी तिच्याही तोंडात कोंबायची. पुढं पुढं भाकऱ्याच जास्त उरायला लागल्या. ते मी तिला बोलून दाखवलं नाही.

दसरा आला. सकाळी आश्रुबानं राणीच्या वेण्या सोडल्या. आयाळ गुडघ्यापर्यंत लाटा मारत होती. निघताना धुरपताबाईनं दोन्ही घोड्यांना कुंकू लावलं, सणच होता. चांदणीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि तिच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. कुणाला वाटलं असतं, जत्रा उद्याच आहे.

"चला ताई," ती मला म्हणाली. "बघून येऊ. सवतीचा थाट."

मोठा रस्ता माणसांनी भरला होता. शोरूमच्या दारात रस्त्यावर अंगणाएवढी रांगोळी काढलेली, निळी, पिवळी, गुलाबी, मधोमध लक्ष्मीची पावलं. वाजतगाजत बग्गी आली. बग्गीत शेठच्या आई बसलेल्या, शेवाळी शालूत; त्यांच्याच हस्ते फीत कापायची होती. राणी पाय उचलत, मान झुलवत आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या शेजारी धुरपताबाई टाचा उंचावून बघत होती.

रांगोळीच्या कडेशी राणी थांबली.

आश्रुबानं लगाम सैल केला, जिभेनं टकटक आवाज केला. "चल राणी." ती हलेना. "राणी. चल माझी बाय." तिनं मान खाली घातली, फुरफुरली, दोन पावलं मागं आली. बग्गी कचकन मागं गेली, शेठच्या आईंनी दांडी धरली. बँड एकेक वाद्य करत बंद पडला.

अशा शांततेत माणसं जे बोलतात तेच बोलायला लागली. "काळी घोडी दारात अडली." "दसऱ्याच्या दिवशी." "दुकान काय चालतंय आता." शेठ घामाघूम होऊन इकडून तिकडं पळत होते. मुहूर्त निघून चालला होता. आश्रुबाचा चेहरा उतरला होता. आवाज गोड करून करून त्याचा घसा बसला होता.

मी धुरपताबाईकडं पाहिलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण हसू यायला जागा करून ठेवली होती. ती इतकंच करत होती, की काही करत नव्हती. अजून थोडा वेळ, आणि राणी ट्रकमध्ये. चांदणी अंगणात.

तेवढ्यात शेठच्या माणसांपैकी एकानं झेंड्याची काठी उपसली आणि राणीच्या मांडीवर सपकन ओढली.

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

"कुनी मारलं?" धुरपताबाई गर्दी फोडून रांगोळीच्या कडेला पोचली होती. "तू? हात कसा लावलास रे?"

"मावशी, घोडी अडलीय—"

"आडू दे. माझी सवत हाय ती. शिव्या द्यायच्या तर मी देईन, मारायचं तर मी मारीन. तू कोन रे मधी नाक खुपसनारा?"

गर्दीत हशा पिकला. शेठ भांबावून आश्रुबाला म्हणाले, "आश्रुबा, ही बाई कोण?"

बग्गीवर बसलेला आश्रुबा हळूच म्हणाला, "घरात."

धुरपताबाईला ते ऐकू गेलं. तिनं तिकडं पाहिलं नाही. ती राणीसमोर गेली, आणि ती एवढी थरथरणारी दांडगी घोडी तिच्या पदरात तोंड घालून भाकरी शोधायला लागली.

"न्हाई आनली," धुरपताबाई तिला दटावत होती. "घरी चल, मंग. एवढ्या मानसांत लाज आनलीस. बाहेरची ती बाहेरचीच." बोलता बोलता ती एक पाऊल बाजूला सरकली. राणीही सरकली. शेठचा जीव भांड्यात पडायला लागला. आणि धुरपताबाई थांबली. राणीही थांबली.

"हलते ही," धुरपताबाई वर बघून नवऱ्याला म्हणाली. "पर आधी सांगा. चांदनी माळेगावला जानार का?"

"अगं, ही काय येळ हाय का?"

"हीच येळ हाय."

"आश्रुबा!" शेठ ओरडले. "मुहूर्त चाललाय! कोण चांदणी?"

"पांढरी घोडी, शेठ."

"मग राहू दे ना तिला! दोन्ही राहू दे! मी कधी म्हणालो विक म्हणून?"

"तुमी नगा बोलू शेठ," धुरपताबाई म्हणाली. "ह्यो आमच्या घरातला मामला हाय. ह्यांनी बोलावं."

आश्रुबानं डोक्यावरचा फेटा सरळ केला. खाकरला. तो खोकला काढतोय की काय असं मला वाटलं. "न्हाई जानार," तो पुटपुटला.

"कुनाला सांगायलाव? घोडीला का मला?"

आख्खा बाजार ऐकत होता. माणसं मोबाईल धरून उभी. आश्रुबाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसल्या.

"धुरपता," तो म्हणाला, "चांदनी कुठं बी न्हाई जानार."

धुरपताबाईनं पदर डोक्यावरून आणखी पुढं ओढला, इतका की तोंड दिसेना, आणि पाठ फिरवून चालायला लागली. "चल गं सवते," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

राणी तिच्या मागं निघाली. रांगोळीच्या कडेकडेनं, बिचकत, पण निघाली. रंगाच्या एका कणावर तिनं खूर ठेवला नाही. ते आधी ध्यानात आलं शेठच्या आईंच्या. शालू सावरत त्या म्हणाल्या, "बघा रे, मुक्या जनावरानं लक्ष्मीच्या पावलांवर पाय नाही दिला. म्हणून अडली होती ती." बस. मघाशी अपशकुन म्हणणारे सगळे आता हात जोडायला लागले, आणि बँड दुप्पट जोरानं वाजला. जाहिरातीसाठी आणलेल्या त्या काळ्याभोर बग्गीच्या पुढं, जुन्या हिरव्या लुगड्यात, घोडीला शिव्या देत चाललेली धुरपताबाई त्या दिवशी मानवतात सगळ्यांच्या मोबाईलवर गेली.

दोन्ही घोड्या राहिल्या. सुकेशनीच्या लग्नाला राणीच गेली. निळी झूल धुरपताबाईनं तिच्या मापाची शिवली, कापड दीडपट लागलं म्हणून कुरकुरत. डाळ मात्र आधी चांदणीला भरवून मग तिकडं नेली. यंदाच्या उन्हाळ्यात कूलरचं तोंड तिनं स्वतः फिरवलं. आता त्याच्यासमोर डावीकडं चांदणी, उजवीकडं राणी, आणि मधे धुरपताबाईची बाज.

आश्रुबानं नंतर पुन्हा नाव घेतलं का, असं मी तिला विचारलं.

"छे," ती म्हणाली. "मीच सांगितलं, नगा घेऊ. एकदा घेतलं, बास. रोजच घेतलं तर तिच्यात आन् माझ्यात काय फरक ऱ्हायला?"

परवा आश्रुबा भिंतीपाशी येऊन उभा राहिला. हातात खरारा. तोंड पाडलेलं.

"ताई, एक इचारू का? मी सकाळधरनं ह्या राणीसाठी मरायलो. अंघोळ मी घालायलो, येन्या मी घालायलो, कूलर बी मीच लावला. आन् मी जवळ गेलो की मान फिरवती. घरातला नुसता आवाज आला की कान उभे. घरात काय आसं घालायलेत तिला?"

"शिव्या," मी म्हणाले.

त्याला ते पटलं नाही. तो काही बोलणार, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"ऐकायलाव का? जेवायला या. न्हाईतर तुमच्या वाटची भाकर बी सवतीला घालीन."

आश्रुबानं शेडकडं एकदा रागानं पाहिलं. राणी कान टवकारून उभी होती. मग तो लगबगीनं आत गेला, ती भाकरी वाचवायला.